दिवसभर टिकणारा फोन हवाच, पण त्यासाठी किती जणांना आपली माहिती द्यायची?

कर्वेनगरकर
आमच्या सोसायटीत गेटवरची वही बंद करून ॲप आणायचं घाटतंय. सभेत तीन गट पडले. एक म्हणतो, आपल्याकडे कोण आलं-गेलं हे बाहेरच्या कंपनीला कशाला कळायला हवं? दुसरा म्हणतो, पाहुणा आल्यावर फोन वाजला म्हणजे झालं. तिसऱ्याला चिंता फक्त बॅटरीची. हाच वाद आता घड्याळापासून फोनपर्यंत प्रत्येक वस्तूवरून होतो, म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो.

आधी खासगीपणा, मग बाकीचं. बॅटरी उतरली तर चार्जर लावता येतो, ॲप बंद पडलं तर वॉचमन इंटरकॉमवर विचारू शकतो. एकदा बाहेर गेलेली माहिती मात्र परत मागवता येत नाही. गेटवरच्या ॲपचंच बघा. आपण निदान 'मान्य आहे'चं बटण दाबतो. कामाला येणाऱ्या मावशींचं काय? त्यांचा फोटो, नंबर, कितीला आत आल्या, कोणत्या फ्लॅटवर गेल्या, कितीला बाहेर पडल्या, सगळ्याची नोंद राहते आणि त्यांना कोणी विचारलेलंही नसतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी असं लिहिलंय. 'फोटो काढू देत नसाल तर आत सोडणार नाही' ही कसली संमती?

शिवाय जे ॲप आपल्यावर सतत नजर ठेवतं, तेच बॅटरीही खातं. नको त्या परमिशन काढल्या की दोन्ही साधतं.

हिंजवडी_फेज२
मावशींच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. शेवटच्या परिच्छेदाशी अजिबात नाही.

बॅटरी मुख्यतः स्क्रीन खाते, आणि रेंज कमी असेल तिथे टॉवर शोधणारा रेडिओ. टॉवर आणि वायफायवरून अंदाजे लोकेशन घ्यायला फारच कमी चार्जिंग लागतं. तुमची माहिती चोरून नेणाऱ्या ॲपचा बॅटरीवर बऱ्याचदा मागमूसही लागत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

उलट खासगीपणा जपायला जावं तर काही वेळा बॅटरी जास्त जाते. अँड्रॉइडवर बहुतेक ॲप्सच्या सूचना (नोटिफिकेशन) गूगलच्या एकाच कनेक्शनवरून येतात, सगळ्या बिल्डिंगला एकच पोस्टमन असावा तसं. म्हणून फोन बराच वेळ झोपून राहू शकतो. गूगलच्या सेवा काढून टाकल्या की मेसेजिंगच्या ॲपला स्वतःचं कनेक्शन उघडं ठेवावं लागतं. बॅटरी झपाट्याने उतरते, आणि फोनने ते ॲप झोपवलं तर मेसेज उशिरा येतो. वर काही बँकांची ॲप्स अशा फोनवर उघडतच नाहीत. खासगीपणाची किंमत मोजावी लागते, तेव्हा लोकांना 'दोन्ही फुकट मिळतं' असं सांगू नये. चार दिवसांनी बॅटरी टिकेनाशी झाली की तेच लोक सगळं परत चालू करतात.

सहकारनगर_आई
तुम्ही दोघंही भरवशाबद्दल फार वरवर बोलताय. माझ्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. तिच्या दंडावर सेन्सर असतो, तो ब्लूटूथवरून फोनला साखरेचे आकडे पाठवतो. साखर 70 च्या खाली गेली की अलार्म वाजतो, आणि तिचे आकडे माझ्याही फोनवर दिसतात. एका रात्री अलार्म वाजलाच नाही. तिच्या फोनने बॅटरी वाचवायला ते ॲप परस्पर बंद केलं होतं. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जाऊन त्या ॲपवरची बंधनं काढावी लागतात हे आम्हाला दुकानदाराने सांगितलं नव्हतं, डबीवरही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा माझा क्रम: भरवसा, मग बॅटरी, मग खासगीपणा. चार्जर लावता येतो म्हणता, पण झोपेत कोण लावणार?

कर्वेनगरकर
ताई, तुमच्या घरी अलार्म सगळ्यात आधी, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण त्या ॲपने लोकेशन मागितलं होतं का? साखर मोजायला घरचा पत्ता कशाला लागतो? जिथे गरज खरी असते तिथेच जास्तीची माहिती उकळली जाते, कारण माणूस नाही म्हणू शकत नाही. माझा राग त्यावर आहे.

हिंजवडी_फेज२
इथे ॲपवाल्यांचा दोष नसेलही. आसपासची ब्लूटूथ उपकरणं कळली की माणूस कुठे आहे ते ताडता येतं, म्हणून अँड्रॉइड 6 ते 11 मध्ये ब्लूटूथ शोधायलाच लोकेशनची परमिशन लागायची. 2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी वेगळी परमिशन आहे. ताई, फोन नवा असेल तर लोकेशन काढून बघा. आधी दिवसा, तुम्ही जवळ असताना.

दुचाकीवर_दिवसभर
मी डिलिव्हरी करतो. माझं लोकेशन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, स्क्रीन चालू, फोन हँडलला उन्हात. एप्रिलमध्ये दुपारी फोन इतका तापतो की चार्जिंगच घेत नाही. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, म्हणून दर उन्हाळ्यानंतर ती पूर्वीइतकी टिकत नाही. फोन बंद म्हणजे ऑर्डर बंद. मला आधी बॅटरी लागते, खासगीपणाचा क्रम लावायची मुभा मला कोणी दिलेलीच नाही.

आणि गेटवर फोटो आमचेही निघतात. बाणेरपासून कोंढव्यापर्यंत किती सोसायट्यांच्या ॲपमध्ये माझा चेहरा पडलाय मला माहीत नाही. तो कधी पुसतात, तेवढं तरी सांगा.

सदाशिवपेठ_निवृत्त
दादांनी जे लिहिलं त्यावर आधी बोलायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ज्याला फोन निवडता येतो त्याच्यापुरताच तो हक्क नाही. म्हणून मला 'तुमचा क्रम काय, माझा क्रम काय' ही मांडणीच पटत नाही. भरवसा आणि बॅटरी ज्याने त्याने पैसे मोजून घ्यावी. फोटो किती दिवस ठेवायचा, हे सोसायटीने ठरावात लिहून गेटवर लावावं.

हिंजवडी_फेज२
काका, ठराव जरूर करा, पण ठरावाने सर्व्हर रिकामा होत नाही. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतले सिनेटर रॉन वायडन यांनी उघडपणे लिहिलं की सरकारं ॲपल आणि गूगलकडून सूचनांची माहिती मागवतात. मी ज्या एका कनेक्शनचं कौतुक केलं, तेच हे. सिग्नलसारखं मेसेजिंग ॲप त्या सूचनेतून मजकूर पाठवत नाही, फक्त 'जागा हो' एवढंच सांगतं. ॲप असं बांधलेलं असेल तर बॅटरीही वाचते आणि हाती लागण्यासारखं फार काही उरत नाही. मी माझी भिस्त त्यावर ठेवेन.

कर्वेनगरकर
मग तसं बांधलेलं ॲप मागणारे लोक हवेत, आणि ते खासगीपणा आधी मानणारेच असणार. दादा, फोटोऐवजी ऑर्डरचा शेवटचा चार आकडी नंबर वॉचमनने बघावा आणि मावशींना साधं ओळखपत्र द्यावं, असं मी सभेत मांडतोय. नोंदी 30 दिवसांनी पुसायच्या, आणि कंपनीने तसं लेखी दिलं नाही तर वहीच चालू ठेवायची.

सहकारनगर_आई
लोकेशन काढून बघितलं. फोन अँड्रॉइड 13 चा आहे, आकडे व्यवस्थित येतायत. धन्यवाद.

पण आकडे माझ्या फोनवर दिसतात ते कंपनीच्या सर्व्हरवरून, आणि ते मी बंद करणार नाही. मुलगी शाळेत असते, सहलीला जाते. ती अठराची झाली की खातं तिच्या ताब्यात देईन. जुने आकडे ठेवायचे की पुसायचे ते तिने ठरवावं. तोवर रात्री दोनला अलार्म वाजला पाहिजे, हाच माझा क्रम.