अथेन्स सिसिलीत बुडालं हे मला पटत नाही

वल्हेकरी
पेलोपोनेशियन युद्धाचा (अथेन्स विरुद्ध स्पार्टा, ४३१ ते ४०४, सगळी सालं इ.स.पू.) विषय निघाला की 'सिसिलीच्या मोहिमेने अथेन्स संपलं' हे ठरलेलं वाक्य येतंच. पण सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरापाशी अथेन्सचं आरमार बुडालं ४१३ मध्ये आणि अथेन्सची शरणागती आली ४०४ मध्ये. मधल्या काळात, ४१० मध्ये, याच अथेन्सने सिझिकसच्या लढाईत स्पार्टाचं अख्खं आरमार निकालात काढलं. संपलेलं शहर असं लढतं का?

अथेन्सला हरवलं इराणच्या पैशाने. एका ट्रायरीमवर (वल्ह्यांच्या तीन रांगांची युद्धनौका) २०० माणसं, त्यातले १७० वल्हेकरी. माणशी रोज एक द्राख्मा धरला तर महिन्याला ६,००० द्राख्मा, म्हणजे बरोबर एक टॅलेंट. शंभर जहाजांना महिन्याला १०० टॅलेंट. स्पार्टाकडे एवढा पैसा कुठून येणार? ४०७ मध्ये इराणी राजपुत्र सायरस सार्डिसला आला आणि स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर याने त्याच्याकडून वल्हेकऱ्यांची मजुरी तीन ओबोलवरून चारवर नेली (सहा ओबोलचा एक द्राख्मा). पुढे स्पार्टाचं आरमार बुडालं तरी नवं उभं राहायचं. अथेन्सला ती सोय नव्हती.

जमाखर्च
असहमत. तिसाफर्नेस हा इराणी सुभेदार स्पार्टाला पैसा द्यायला लागला ४१२ मध्ये, म्हणजे सिसिलीच्या लगेच पुढच्या वर्षी. अथेन्सचं आरमार शाबूत असतं तर त्याची ही हिंमत झाली नसती.

सिसिलीवर ४१५ मध्ये १३४ ट्रायरीम गेल्या, ४१३ मध्ये अथेन्सचा सेनापती डेमॉस्थेनिस आणखी ७३ जहाजं घेऊन गेला. माघार ठरलेली असताना २७ ऑगस्टला चंद्रग्रहण लागलं आणि दुसरा सेनापती निकियास तीन नवके, म्हणजे २७ दिवस थांबायचं म्हणून अडून बसला. तेवढ्यात सिराक्यूजने बंदराच्या तोंडाशी जहाजं आडवी नांगरून वाट बंद केली. अथेन्सने ४३१ पासून राखून ठेवलेले १,००० टॅलेंट ४१२ मध्ये फोडावे लागले. शत्रूचं आरमार शहरावर चालून आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नुसता ठराव मांडला तरी देहदंड होता!

डोंगरवाट
दोघेही समुद्राकडेच बघताय. ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेसेलियाला कायमचा तळ ठोकला. आधीच्या स्वाऱ्या फार तर चाळीस दिवसांच्या असत. आता बारा महिने शत्रू उशाशी. वीस हजारांवर गुलाम पळाले, त्यात कारागीर बरेच. युबिया बेटाचा माल जमिनीवरून यायचा, तो सुनियनच्या टोकाला वळसा घालून आणावा लागला.

वल्हेकरी
डेसेलियाने रक्त आटवलं, मान्य. पण तिथूनच स्पार्टाचा राजा अगिस याने अथेन्सच्या पिरेयस बंदराला लागणारी धान्याची गलबतं पाहिली आणि म्हणाला, हे धान्य जिथून येतं ती वाट तोडल्याशिवाय उपयोग नाही. ती वाट म्हणजे हेलेस्पाँट, आजची डार्डनेल्सची सामुद्रधुनी. ४०५ मध्ये तिथल्या एगोस्पोटामीला तेच झालं. अथेन्सची १८० जहाजं उघड्या किनाऱ्यावर, बंदर नाही, बाजार नाही, खाणं आणायला खलाशी पांगलेले. पाचव्या दिवशी लायसँडर आला आणि जवळजवळ सगळी जहाजं किनाऱ्यावरच धरली. धान्य थांबलं, शहर उपाशी पडलं.

जमाखर्च
आणि त्या किनाऱ्यावर फारसे अनुभवी सेनापती का नव्हते? आदल्याच वर्षी अर्गिनुसीच्या आरमारी लढाईत जिंकूनही, वादळात बुडणाऱ्यांना वाचवलं नाही म्हणून सहा सेनापतींना अथेन्सनेच मारलं. त्या लढाईसाठी ३० दिवसांत ११० जहाजं उभी केली, तर वल्ह्यांवर गुलाम आणि घोडेस्वारसुद्धा बसवावे लागले. तरबेज वल्हेकरी कुठे गेले होते? बरेचसे सिराक्यूजच्या दगडखाणींत मेले होते. इराणच्या पैशाने स्पार्टाला जहाजं मिळाली हे खरं, पण ही माणसं अथेन्सला कुठल्याच पैशाने परत मिळणार नव्हती.