व्रण की ठिपके?

अंगावरच्या व्रणांवरून एखादा ठरावीक शार्क पुन्हा ओळखता येतो असं म्हणतात, ते खरंच आहे, पण एकट्या व्रणाच्या भरवशावर राहू नये. शार्कच्या जखमा आश्चर्य वाटावं इतक्या लवकर भरतात. माद्यांच्या अंगावर मीलनाच्या वेळी नराने घेतलेल्या चाव्यांच्या खुणाही काही काळाने पुसट होतात. ताज्या जखमेचा उपयोग त्या हंगामापुरता.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइट जातीचे शार्क ओळखतात ते पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेवरून. तिथले खाचे, दाते प्रत्येकाचे वेगळे असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात काही शार्कची ओळख वीसहून अधिक वर्षांनंतरही याच खुणेवरून पटली होती!

व्हेल शार्कची गंमत त्याहून मोठी. पाठीवरचे पांढरे ठिपके म्हणजे बोटांचे ठसेच. ते जुळवायला ब्रॅड नॉर्मन, जेसन होल्मबर्ग आणि झावेन आर्झुमानियन या संशोधकांनी चक्क खगोलशास्त्रातली पद्धत उचलली, ताऱ्यांच्या दोन नकाशांमधले त्रिकोण ताडून पाहण्याची. २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. फोटो लागतो कल्ल्यांच्या मागच्या, छातीच्या परावरच्या भागाचा, आणि शक्यतो डाव्या बाजूचा. दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी असते, त्यामुळे नुसत्या उजव्या बाजूच्या फोटोवरून डाव्या बाजूची नोंद जुळत नाही. हौशी डायव्हर मात्र हमखास तोंडाचाच फोटो काढून आणतात.