यवतेश्वर घाटात काटा लालकडे जातो

प्रश्न (सातारा): वडिलांची २००३ ची पेट्रोल गाडी. शहरात ठीक चालते, कासला जाताना घाटात टेम्परेचरचा काटा चढतो, रेडिएटरच्या बाटलीतून पाणी उलटतं. गॅरेजवाला इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडू म्हणतोय.

उत्तर (कराड): एवढ्यात उघडू देऊ नका. ऑइल दुधाळ झालंय का, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो का? ही हेडमधून पाणी आत गळत असल्याची लक्षणं. ती नसतील तर आधी रेडिएटरची कॅप बघा, तीही इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर हात भाजेल. रबर कडक झालं किंवा चिरलं की दाब धरत नाही, आणि दाब नसला की पाणी लवकर उकळतं. एवढीशी वस्तू, कुणी ढुंकून बघत नाही. शिवाय पाणी बोअरचं घालत असाल तर क्षार बसून नळ्या बुजतात. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून ‘डायरेक्ट’ केलाय का तेही विचारा. आपल्याकडे ही हौस फार!

उत्तर (मिरज): गाडी उभी ठेवून तापू द्या, फॅन आपोआप फिरतो का बघा. कधी कधी नुसता फ्यूज असतो.

प्रश्नकर्ता: फॅन फिरतोय. कॅपचं रबर चिरलेलंच निघालं. पाणीही बोअरचंच. वडील म्हणतात, आपण पितो ते गाडीला का चालू नये?

उत्तर (कराड): त्यांना घरातल्या गिझरची कॉइल काढून दाखवा.