मदत हवी आहे : रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कुठली कॅप बसवावी?

आईच्या (वय ६४) खालच्या डावीकडच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल नुकतंच झालं. दाढेत फार जुनी चांदी भरलेली होती. सुपारी चावताना जिभेकडची अख्खी भिंत कपचा निघावा तशी निघाली. दुखणं थांबलंय, वर तात्पुरतं सिमेंट आहे. आता प्रश्न कॅपचा.

इथे जालन्यात एका डॉक्टरांनी दर सांगितले ते असे : पूर्ण धातूची साडेतीन हजार, धातूवर सिरॅमिक साडेपाच, झिरकोनिया (दाताच्या रंगाचं कडक सिरॅमिक) अकरा हजार आणि तिच्यासोबत दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड. दुसरे म्हणाले, कॅप कशाला, चांगलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, भरून देतो. आत्येबहीण बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या) शेवटच्या वर्षाला आहे, ती म्हणते ऑनलेचं विचार, म्हणजे अख्ख्या दाढेऐवजी फक्त वरचा भाग झाकणारं आवरण. ऐकून ऐकून डोकं भंजाळलंय.

आई झोपेत दात खाते, बाबांची झोपमोड होईल इतकं. खोटे दागिने घातले की तिच्या कानाला पुरळ येतं. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. पैशाची ओढाताण नाही, पण कार्ड बघून उगाच उधळायचे नाहीत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
झिरकोनिया घ्या, डोळे झाकून. माझी मस्त चालली आहे.

प्रतिसाद २
मी दंतवैद्य आहे. तोंड न बघता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

कॅप कशाची हे नंतर. आधी विचारा, दाढ किती उरली आहे? कीड आणि जुनी चांदी काढल्यावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात लागतो. कॅपची कड त्याला धरून बसते. ती पकड नसेल आणि कॅप नुसत्या भरलेल्या सिमेंटवर उभी असेल, तर ती अकरा हजारांची असो की तीनची, एक दिवस आतल्या सिमेंटसकट हातात येते.

नुसतं कॉम्पोझिट मी तरी करणार नाही. मागची दाढ, एक भिंत गेलेली, त्यात दात खायची सवय. उरलेल्या भिंती चावताना फाकतात आणि उभी चीर मुळात उतरली की दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. ऑनले चांगला पर्याय आहे, दातही कमी घासावा लागतो, पण बाकीच्या भिंती जाड हव्यात. आत्येबहिणीला एक्स-रे दाखवा, तीच सांगेल.

कानाला पुरळ हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ते बहुतेक वेळा निकेलमुळे असतं, आणि स्वस्त धातूच्या कॅपमध्ये, सिरॅमिकच्या आतल्या धातूतही, निकेल असू शकतं. धातूचीच घ्यायची तर निकेल नसलेला मिश्रधातू मागा. धातू मुळीच वाईट नाही. सर्वात कमी दात घासून बसते ती धातूचीच, आणि खालच्या मागच्या दाढेकडे बघतंय कोण? धातूवर सिरॅमिक मात्र दात खाणाऱ्यांना नको, वरच्या थराचे टवके उडतात.

झिरकोनिया घेतलीत तर एकसंध घ्या, वर पोर्सेलीनचा थर नसलेली. बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि उंच लागेल तिथे घासतात. घासलेली जागा पुन्हा पॉलिश करायला सांगा. तशीच खरखरीत राहिली तर वरची दाढ झिजवते. आणि रात्री घालायचं नाईट गार्ड करून घ्या, कॅप कुठलीही असो.

कार्डाचं म्हणाल तर ते सहसा कॅप फुटली तर बदलून देण्यापुरतं असतं. कॅपखालची दाढ फुटली किंवा कडेनं कीड शिरली तर कार्ड काही करत नाही.

प्रतिसाद ३
काहीही ठरवा, लवकर ठरवा. माझ्या मोठ्या भावानं 'दुखत नाही ना' म्हणत सिमेंटवरच काढलं. चिक्की खाताना दाढ दुभंगली. आता इम्प्लांटचं बोलणं चालू आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आज मोजून घेतलं. गालाकडून तीन मिलिमीटर आहे, जिभेकडून मात्र हिरडीच्या रेषेलाच संपतंय. डॉक्टर म्हणतात तिथली हिरडी आणि थोडं हाड कमी करून दात उघडा करू, मग एकसंध झिरकोनिया. करावं का?

प्रतिसाद २
करता येतं, पण खालच्या दाढेची दोन मुळं जिथे फुटतात ती जागा उघडी पडता कामा नये. ती एक्स-रेवर किती खाली आहे ते विचारा. शंका वाटली तर संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरडीच्या विभागात दाखवा, जालन्याहून जवळच आहे. हिरडी बसायला काही आठवडे जातात, तोवर तात्पुरती कॅप घालून घ्या आणि आईंची सुपारी बंद करा.

धागाकर्ती
बाकी सगळं जमेल. सुपारीचं बाबांवर सोपवते.