न्यू जर्सीच्या सँडी हुकला फ्लूक माशासाठी चार्टर (भाड्याची) बोट: कुणी गेलंय का?

एडिसनकर: मंडळी, जुलैत आम्ही सहाजण जवळच्या अटलांटिक हायलँड्स बंदरातून फ्लूक धरायला बोट करतोय. सगळे नवशिके. काय काय न्यायचं?

मालवणी_खवय्या: सहाजण म्हणजे छोटी चार्टर बरोब्बर भरली. गळ, आमिष बोटीवरच मिळतं, तुम्ही बर्फाची पेटी न्या.

फ्लूक म्हणजे आपल्या लेप्यासारखाच चपटा, दोन्ही डोळे डाव्या अंगाला, वाळूत अंग पुरून बसलेला. म्हणून नांगर टाकत नाहीत, बोट भरती-ओहोटीबरोबर वाहू देतात आणि दोरीचं शिसं तळाला टकटक करत राहायला हवं. गळाला माकुलाची लांब पट्टी. पहिल्या झटक्याला ओढू नका, तो आधी पट्टीचं शेपूट चावतो. दोरी जड झाली की मग उचला.

मी गेल्या वर्षी शहाणपणा केला. जाळीची वाट न बघता मासा कठड्यावरून वर घेतला. पांढरं पोट एकदा चमकलं आणि डुबुक! बोटीवरचा मदतनीस काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

एडिसनकर: 😄 आणि बोट लागली तर?

मालवणी_खवय्या: गोळी आदल्या रात्रीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. शिवाय लहान मासा सोडावा लागतो. मापाचे नियम बदलत असतात, कप्तानाला विचारा.

पुणेरी_इन_जर्सी: मदतनिसाची टिप विसरू नका, साफ करून तुकडे तोच देतो. काटे अगदी कमी. कोकम, तिखट, वरून रवा!