मेलेले पक्षी दिसत नाहीत म्हणजे मरत नाहीत असं नाही

कीटकनाशकांच्या फवारणीने पक्षी मरत असते तर शेतात सडा पडलेला दिसला असता, हा इथल्या चर्चेतला मुद्दा अजिबात पटत नाही. विषारी किडा खाल्लेला पक्षी तिथेच पडतो असं नाही, उडून कुठेतरी झुडपात जाऊन मरतो आणि मग कुत्री, मुंगूस, कावळे काही शिल्लक ठेवत नाहीत. मामाच्या कपाशीच्या धुऱ्यावर सकाळी दोन होले पडलेले बघितले होते, पंजे घट्ट आवळलेले, चोचीतून लाळ, आणि संध्याकाळी तिथे फक्त पिसं.

अर्जेंटिनाची गोष्ट इथे कुणीच काढली नाही म्हणून सांगतो. उत्तर अमेरिकेतले स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्यात कुठे जातात ते बघायला काही पक्ष्यांवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले, त्या मागावर माणसं अर्जेंटिनात पोचली तेव्हा कुठे कळलं की शेतांमध्ये हे हॉक मरून पडलेत. नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मारलेलं आणि हे पक्षी नाकतोडेच खातात. 1995-96 च्या एका हंगामात मेलेल्यांचा अंदाज 20,000 च्या आसपास! ट्रान्समीटर नसता तर तिथेही सगळे हेच म्हणाले असते की कुठे मरतात पक्षी. नंतर तिथे ते औषध बंद झालं आणि असे मृत्यू खूप कमी झाले.

आपल्याकडेही हिवाळ्यात माळरानावर भोवत्या (हॅरियर, हेही शिकारी पक्षी) येतात त्याही नाकतोडे भरपूर खातात, आणि मोनोक्रोटोफॉस आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं गेलंय, 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करणारी माणसं दगावली तेव्हाही त्याचं नाव आलं होतं. त्या भोवत्यांची मोजदाद कोण करतंय?