मेक्सिकोतील कुस्तीचा वार्षिक वर्धापनदिन: निकाल ठरलेला असूनही नव्वद वर्षे कसा टिकला?

दांडियाबाजारकर (वडोदरा):

सर्वांस नमस्कार. आमच्या वडोदऱ्यात कुस्तीचे बोलणे निघाले की ते जुम्मादादांच्या व्यायामशाळेवरून सुरू होते आणि गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलला असे सांगतात, त्या संग्रहालयातील दगडापाशी येऊन थांबते. त्यामुळे माझा भाचा मेक्सिकोतील मुखवटाधारी मल्लांच्या लढती आवडीने पाहू लागला, तेव्हा घरातील ज्येष्ठांनी ‘नुरा कुस्ती’ एवढ्या दोन शब्दांत तिची वासलात लावली. मला मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. तेथे अशा लढती भरवणाऱ्या सीएमएलएल या संस्थेचा ‘आनिवेर्सारियो’, म्हणजे वर्धापनदिनाचा खेळ, १९३४ पासून चालत आला आहे. ज्या अमेरिकन रेसलमेनियाचे आपल्याकडे एवढे कौतुक होते, ती सुरू झाली १९८५ मध्ये. निकाल आधीच ठरलेला आहे हे ठाऊक असताना माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढून का जातात? जाणकारांनी या सोहळ्याचा इतिहास सांगावा, ही विनंती.

रावपुरावासी:

या संस्थेचे संस्थापक साल्वादोर लुत्तेरोथ हे मेक्सिकन क्रांतीत लढलेले आणि पुढे सरकारी करखात्यात नोकरीस लागलेले गृहस्थ होते. सरहद्दीवर नेमणूक असताना १९२९ मध्ये त्यांनी पलीकडच्या एल पासो शहरातील लिबर्टी हॉलमध्ये कुस्त्या पाहिल्या आणि हा खेळ आपल्या राजधानीत चालेल, असे त्यांच्या मनाने घेतले. फ्रान्सिस्को आउमादा यांना भागीदार करून त्यांनी ‘एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे’ ही कंपनी काढली आणि २१ सप्टेंबर १९३३ रोजी मेक्सिको सिटीतील अरेना मोदेलो या आखाड्यात पहिला खेळ लावला. बरोबर एका वर्षाने, २१ सप्टेंबर १९३४ रोजी, पहिला वर्धापनदिन साजरा झाला.

ज्या मुखवट्याने पुढे सगळा खेळच व्यापला, तो या कंपनीच्या पहिल्या खेळात नव्हता. १९३४ मध्ये एका परदेशी मल्लाला मुखवटा घालून उतरायचे होते, म्हणून लेओनहून आलेल्या अन्तोनियो मार्तीनेस या बूट बनवणाऱ्या कारागिराने त्याच्या डोक्याची मापे घेऊन चामड्याचा मुखवटा शिवून दिला. आजचे मुखवटे कापडी असतात, पण डोक्यावर घट्ट बसणारा आणि मागच्या बाजूस नाड्यांनी आवळायचा हा घाट तेव्हापासूनचा आहे. एल सान्तो हा चंदेरी मुखवट्याचा मल्ल १९४२ मध्ये त्या नावाने प्रथम उतरला. त्याने १९५२ मध्ये ब्लॅक शॅडोचा मुखवटा काढला, आणि पुढच्याच वर्षी ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन याने सान्तोकडून जागतिक वेल्टरवेट किताब हिसकावून त्याचे उट्टे काढले. कंपनीचे सीएमएलएल हे सध्याचे नाव मात्र जुने नाही, ते १९९०च्या दशकाच्या आरंभी रूढ झाले.

मांडवीचा मल्ल:

नुरा कुस्तीचा आक्षेप मला मान्य आहे, पण तो अर्ध्यावरच थांबतो. निकाल ठरलेला असतो, नुकसान मात्र खरे असते. ‘आपुएस्तास’ नावाच्या पैजेच्या लढतीत मल्ल आपला मुखवटा किंवा डोक्यावरचे केस पणाला लावतात, आणि वर्धापनदिनाला बहुधा अशीच लढत शेवटी ठेवलेली असते. केस पुन्हा उगवतात. मुखवटा एकदा गेला की गेला. हरलेल्याने तो सर्वांसमक्ष काढायचा, स्वतःचे खरे नाव, गाव आणि या धंद्यात किती वर्षे झाली ते सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्याचा उघडा चेहरा छापून यायचा, अशी रीत आहे. पराभव कोणाचा हे आधी ठरलेले असले, तरी ज्या चेहऱ्यावर त्याने वीस-पंचवीस वर्षे पोट भरले, तो चेहरा त्या रात्रीनंतर त्याचा राहत नाही.

२००८ चा पंचाहत्तरावा वर्धापनदिन या दृष्टीने पाहावा. ब्लू पँथर म्हणजे जमिनीवरील पकडींचा गुरू मानला जाणारा मल्ल. व्हिजानो पाचवा याच्याकडून तो हरला आणि निळा मुखवटा उतरवून खेनारो व्हास्केस या नावाने लोकांसमोर उभा राहिला. जिंकलेल्याचे सुखही फार टिकले नाही, कारण सुमारे सहा महिन्यांनीच, मार्च २००९ मध्ये, उल्तिमो गेरेरोने त्याचाही मुखवटा काढला. तोच गेरेरो २०१४ च्या वर्धापनदिनी अत्लान्तिसकडून हरला. पुढच्या वर्षी त्याच अत्लान्तिसने ला सोम्ब्राचा मुखवटा घेतला, आणि सोम्ब्रा नंतर अमेरिकेत आन्द्रादे या नावाने, उघड्या चेहऱ्याने गाजला. असा हा हिशेब सलग चालत आलेला आहे. ज्याला तो माहीत आहे, त्याला कोण जिंकणार यापेक्षा कोणाची पाळी आली, यात अधिक रस असतो.

वाडीतला वाचक:

मुखवट्याचे महत्त्व नाकारत नाही, परंतु वरील प्रतिसादांत भावनेला जरा जास्तच माप मिळाले आहे. मुखवट्यांच्या पैजा मेक्सिकोत गावोगावी लागतात. एल सान्तो आणि ब्लॅक शॅडो यांची ती प्रसिद्ध लढतही वर्धापनदिनाची नव्हती, ती नोव्हेंबरमध्ये झाली होती. मग टिकला तो हाच सोहळा का? माझ्या मते याचे उत्तर जागेच्या मालकीत आहे. लुत्तेरोथ यांनी इतरांच्या सभागृहांवर विसंबणे सोडले. १९४३ मध्ये अरेना कोलिसेओ उभारला आणि २७ एप्रिल १९५६ रोजी अरेना मेहिको उघडला, ज्यात सुमारे सोळा हजार प्रेक्षक बसतात आणि जेथे १९६८ च्या ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धे झाली. स्वतःचा आखाडा असला की भाड्याची चिंता नाही, तारखेसाठी कोणाच्या दारी जाणे नाही, आणि दर शुक्रवारी खेळ लावून सप्टेंबरच्या मोठ्या रात्रीसाठी वर्षभर वैर पिकवता येते.

याचा पुरावा १९९२ मध्ये मिळाला. कंपनीच्या लढती आखणारे अन्तोनियो पेन्या तरुण मल्लांना घेऊन बाहेर पडले आणि टेलेव्हिसा या दूरचित्रवाणी कंपनीच्या पाठबळावर त्यांनी ‘ट्रिपल ए’ ही संस्था काढली. १९९३ च्या एप्रिलमध्ये त्यांचा पहिला ‘त्रिप्लेमानिया’ आग्वासकालियेन्तेस येथील बैलझुंजींच्या मैदानात प्रचंड गर्दीत पार पडला. मल्ल गेले, प्रसिद्धीही बरीच गेली. पण इमारत कोठे जाणार? कंपनीची सूत्रे लुत्तेरोथ यांच्या नातवाकडे, पाको आलोन्सो यांच्याकडे, २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत राहिली, आणि त्यानंतरही ती घराण्यातच आहेत. २०२० मध्ये साथीमुळे प्रेक्षकांविना वर्धापनदिन करून ऑनलाइन दाखवणे जमले, तेही आखाडा घरचा होता म्हणूनच.

मांडवीचा मल्ल:

इमारतीचा मुद्दा वजनदार आहे. एवढेच म्हणतो की रिकामी इमारत कोणी पाहायला जात नाही. १९९० च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे फाटाफूट होण्यापूर्वी, सत्तावन्नाव्या वर्धापनदिनी रायो दे हालिस्को धाकटा याने सिएन कारासचा मुखवटा काढला, तेव्हा हाच अरेना मेहिको ओसंडून वाहत होता. ती गर्दी पैजेने जमवलेली होती.

दांडियाबाजारकर:

दोन्ही बाजू पटल्या, आणि दोघांनी भांडत राहावे असेही वाटले. एक शंका उरते. वर्धापनदिन २१ सप्टेंबरचा, मग २०१४ चा खेळ १९ तारखेला आणि २०१५ चा १८ तारखेला कसा झाला? शिवाय भाच्याला आधी कोणती लढत दाखवावी?

रावपुरावासी:

गणना १९३३ पासूनच्या वर्षांची आहे, दिवसाची नाही. मोठा खेळ शुक्रवारचा, म्हणून सोहळा बहुधा २१ च्या आसपासच्या शुक्रवारी ठेवतात. आपण दिलेल्या दोन्ही तारखा शुक्रवारच्याच आहेत. मूळ तारखेचा मान सरकारने राखला असून, २०१६ पासून २१ सप्टेंबर हा तेथे व्यावसायिक मल्लांचा राष्ट्रीय दिवस मानला जातो.

भाच्याला २०१४ ची अत्लान्तिस आणि उल्तिमो गेरेरो यांची लढत आधी दाखवावी. तीत ‘तेक्निको’ म्हणजे सरळमार्गी व ‘रूदो’ म्हणजे दांडगा, हा भेद भाष्यकाराचे स्पॅनिश न समजताही ध्यानात येतो. मागाहून २००८ ची दाखवावी. ज्येष्ठांना बसवायचे असेल तर मात्र क्रम उलटा ठेवावा, कारण ब्लू पँथरच्या जमिनीवरील पकडी पाहताना त्यांना आपल्या तालमीतले बरेच काही ओळखीचे वाटेल.